आयुष्यभर आपलंच गाव रंगवलं तर? स्टॅन्ली स्पेन्सरबद्दल विचारायचं होतं

कुंभारजुवेकर:
नमस्कार मंडळी, मी चित्रं काढतो, जास्त करून गावचीच, नदी, तिंटो म्हणजे बाजाराची जागा, गणपतीतल्या सांगोडोत्सवाच्या सजवलेल्या होड्या. मागच्या महिन्यात पणजीत एका जाणकारांना दाखवली तर म्हणाले हात चांगला आहे पण विषय तोच तोच, जरा गावाबाहेर पडा. दोन रात्री झोप नाही. मग एका मित्राने या इंग्लिश चित्रकाराचं नाव सांगितलं, जन्मभर एकच गाव रंगवलं म्हणे. खरंच कधी बाहेर पडला नाही का तो?

खारेवारा:
पडला की. जन्म 1891चा, थेम्सकाठचं कुकम हे गाव. लंडनला स्लेड या कलाशाळेत शिकायला होता तेव्हा रोज ट्रेनने घरी परत यायचा, म्हणून पोरं त्याला कुकमच म्हणायची. पण पुढे पहिलं महायुद्ध आलं, आधी ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात आणि मग मॅसिडोनियाला गेला, 1918ला सिडनी हा भाऊ युद्धात मेला. जाताना राजहंसांच्या मोजणीचं एक चित्र अर्धवट घरी ठेवलं होतं, ते परत येऊन 1919ला पुरं केलं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, कुकमच्या चर्चच्या आवारात थडग्यांतून गावकरी उठतायत ते अठरा फूट रुंद चित्र, 1924 ते 27, ते त्याने लंडनमधे हॅम्पस्टेडला बसून काढलं! दुसऱ्या महायुद्धात पोर्ट ग्लासगोच्या जहाजबांधणी कामगारांचीही चित्रं केली त्याने. म्हणजे बाहेरचं जग बघितलं नाही असं अजिबात नाही, पण बायबल वाचलं तरी त्याला ते कुकमच्या गल्लीतच घडताना दिसायचं.

माडाचीसावली:
अगदी. आपल्याकडे गोव्यातल्या सांतइस्तेवचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका आठवा, त्यांची मारिया, येशूची आई, साडी नेसलेली. देव आपल्या अंगणात आणायला धीर लागतो हो.
म्हातारपणी स्पेन्सर जुनी बाबागाडी ढकलत, त्यात इझल, रंग, छत्री घालून गावभर फिरायचा. गावातल्या ज्या चॅपलमध्ये लहानपणी जायचा तिथेच आता त्याची गॅलरी आहे आणि ती गाडीही तिथे ठेवलीय. 1959ला सर झाला आणि त्याच डिसेंबरात गेला, कुकमच्या बोटींच्या शर्यतीत येशू प्रवचन देतोय ते मोठं चित्र अपुरंच राहिलं.
भाऊ, विषय तोच तोच आहे हे मला पटत नाही. तुम्ही त्यात काय बघता ते सांगा.

कुंभारजुवेकर:
खूप आभार दोघांचे. राजहंसांचं ते चित्र काल मोबाईलवर मोठं करून बघितलं, मागे बाया होडीतल्या गाद्या उचलून नेतायत, म्हणजे उत्सवाच्या आजूबाजूची कामं. मी आतापर्यंत सजलेल्या होड्याच काढल्या, गणपती वर चढल्यावरच्या. दोन होड्या एकमेकींना बांधतात तेव्हा दोराला लोंबकळणारी माणसं, घामाने भिजलेल्या बनियनी, ओरडणारा म्हातारा, यातलं एकही काढलेलं नाही.