मदत हवी आहे: बेडरूमचा निळा रात्री सिमेंटसारखा दिसतोय

डोंबिवलीकरीण: परवा सकाळी पेंटर येतोय आणि आज रात्री शेड नंबर सांगायचाय, प्लीज लवकर सांगा. बेडरूमला धुरकट निळा ठरवलाय, म्हणजे आकाशी नाही, राखाडीकडे झुकणारा, धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखा. शेडकार्डावर इतका शांत वाटला की बघताक्षणी ठरवला. सॅम्पलचा पट्टा मारला तर दुपारी सुंदर आणि रात्री ओलं सिमेंट! एक शेड फिकट घेऊ की गडद? सासूबाई म्हणतात क्रीम मारून मोकळे व्हा, पण बारा वर्षं क्रीम-पीच रंगांतच काढलीत हो.

रंगीत_खडू: खिडकी कुठल्या दिशेला? दिवे कुठले? पट्टा कशावर मारलाय?

अण्णा_सातारा: उत्तरेची खोली असेल तर वास्तुप्रमाणे निळा चांगलाच, बिनधास्त मारा.

डोंबिवलीकरीण: खिडकी उत्तरेलाच, समोर दुसरी बिल्डिंग. पण मी फिकट की गडद विचारलंय.

रंगीत_खडू: ताई, दिव्यांचं सांगा ना. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळे निळा आणखी थंड दिसतो, तिथे फिकट केलात तर नुसता राखाडी उरेल.

कोकणी_माणूस: आमच्या आजोळी चुन्यात नीळ घालून भिंती रंगवायचे, माजघरात उन्हाळ्यात शिरलं की डोळ्यांना गार वाटायचं. हात लावला की बोटाला पांढरं लागायचं तेवढंच. ही शेडकार्डं आल्यापासून लोकांचा गोंधळ वाढलाय.

डोंबिवलीकरीण: पीओपीच्या कडेने पिवळी एलईडी पट्टी आहे, बाकी काही नाही. आणि पट्टा जुन्या पीचवरच मारलाय, एकच हात.

रंगीत_खडू: मग घोळ तिथेच आहे! पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असतो, भिंत परत काय फेकणार? म्हणून रात्री निळेपणा मरतो आणि राखाडी तेवढा उरतो. त्यात एका हातातून खालचा पीच डोकावतोय. पांढऱ्या कार्डशीटला दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या, मग चारही भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी, रात्री बघा. दिवा ४००० केल्व्हिनचा लावा, म्हणजे ना पिवळा ना पांढरा, मधल्या उजेडाचा; हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा.

निशाचर: अजिबात नको, बेडरूम आहे, ऑफिस नाही. झोपायच्या खोलीत ३००० च्या वर जाऊच नये. दिवा तोच ठेवा आणि राखाडी कमी असलेली शेड घ्या.

रंगीत_खडू: आणि मग ती दुपारी भडक दिसली की?

निशाचर: दुपारी बेडरूममध्ये असतं कोण?

पुट्टीवाला: भिंतीला ओल आहे का ते कोणीच विचारलं नाही. आमच्याकडे बाथरूमच्या मागच्या भिंतीचा रंग चार महिन्यांत पापुद्र्यांनी सुटला. आधी लीकेज बघा, शेड नंतर.

डोंबिवलीकरीण: ओल नाहीये. आत्ता पट्टी बंद करून टेबललॅम्पला हॉलमधला ४००० चा बल्ब लावला आणि पट्ट्याजवळ धरला. निळा परत आला! खरंच विटलेल्या जीन्सचा. कार्डशीटही आणलीय, पहिला हात वाळतोय, पेंटरला शनिवारी या म्हणून सांगितलं. फक्त कपाटाशेजारी अजून मळका दिसतोय.

सुगरण_माई: कपाट कुठल्या रंगाचं गं? आणि पडदे?

डोंबिवलीकरीण: कपाट सागवानी लॅमिनेटचं. पडदे मरून, नवेच आहेत, बदलणार नाही.