मदत हवी आहे: घरी बेस गिटार दणदणीत वाजतो, बँडबरोबर स्टेजवर गायब होतो

मंद्रवेडा
कोणीतरी पटकन सांगा, शनिवारी कार्यक्रम आहे. घरी बेस इतका भारी लागतो की भिंती हलतात, एकेक सूर गोल आणि भरीव. तोच बेस, तोच अ‍ॅम्प, तीच केबल घेऊन बँडबरोबर उभा राहिलो की मी वाजवतोय की नाही हेच कळत नाही. आवाज वाढवला की नुसतं घुमायला लागतं आणि गायक वळून बघतो, कमी केला की मी संपलोच. आता मोठा अ‍ॅम्प घेऊ, प्रीअ‍ॅम्प पेडल (अ‍ॅम्पआधी आवाज घडवणारं) घेऊ की कॉम्प्रेसर (मोठे-छोटे सूर सारखे करणारा), एवढंच सांगा. ट्यूनिंग, केबल वगैरे सगळं बघून झालंय, ते सुचवू नका प्लीज.

जुना_बेसिस्ट
बेस कुठला, अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प असलेला) की पॅसिव्ह? अ‍ॅम्प किती वॉटचा, स्पीकर किती इंची? पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमध्ये) लाइन जाते की सगळा भार अ‍ॅम्पवरच? बँडमध्ये कोण कोण आहे? नॉब कुठे लावलेत? आणि ऐकू येत नाही म्हणजे तुम्हाला येत नाही की प्रेक्षकांना? यातलं एकही लिहिलेलं नाही, मग सांगणार तरी काय.

ट्यूबप्रेमी
ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) अ‍ॅम्प घ्या, विषय संपला. अँपेग कंपनीचा एसव्हीटी अ‍ॅम्प 1969 साली आला, 300 वॉट, सगळे ट्यूबचे, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट. त्यानंतर बाकी सगळे त्याचीच नक्कल करत बसलेत. ट्यूब जोरात वाजवल्यावर जी हलकी खरखर येते ना, तिच्यामुळेच बेस गर्दीतून बाहेर येतो.

जुना_बेसिस्ट
@ट्यूबप्रेमी आवाज छान असतो, मान्य, पण ते धूड उचलणार कोण? आणि वॉटच्या मागे लागून फार काही हाती लागत नाही. वॉट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. आधी त्यांना उत्तरं तर देऊ द्या.

मंद्रवेडा
बरं, घ्या. बेस अ‍ॅक्टिव्ह, चार तारी, दोन पिकअप (तारांचा कंप टिपणारे). अ‍ॅम्प 100 वॉटचा कॉम्बो, एकच 10 इंची स्पीकर, जमिनीवर माझ्या पायाशी असतो. अ‍ॅम्पच्या मागच्या डीआयमधून (मिक्सरला जोडायच्या आउटपुटमधून) साउंडवाला लाइन घेतो. ईक्यू (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणारे नॉब) सांगायचं तर बेस बराच वर, मिड (मधला पट्टा) खाली, ट्रेबल थोडा वर. एक शेप बटण आहे ते दाबलेलंच असतं, त्यानेच तर घरी एवढं भारी लागतं. बँड म्हणजे ड्रम, दोन गिटार, कीबोर्ड, गायक. प्रेक्षकांत मित्र होता, तो म्हणाला मागे नुसता गडगडाट येत होता, सूर कुठला ते कळत नव्हतं. याचा अ‍ॅम्प बदलण्याशी काय संबंध ते सांगा.

कन्सोलच्या_मागे
सगळं उत्तर या पोस्टमध्येच आहे. मी मिक्सरवर बसतो, त्यामुळे हा आवाज मला रोज ऐकायला मिळतो. अ‍ॅम्प घेऊ नका, पेडल घेऊ नका, शेप बटण सोडा आणि मिड वर आणा.

कारण सांगतो. हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना बहिरा असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली हे मोजून मांडलं. घरी तुम्ही हळू वाजवता, म्हणून बेस चढवून आणि मिड पाडूनच ते भरीव वाटतं. स्टेजवर आवाज चढला की कानाला खालचं पुरेसं ऐकू यायला लागतं आणि तुम्ही वरून घातलेला बेस सगळा जास्तीचा होतो. तेच घुमणं. शेप बटण बहुतेक अ‍ॅम्पमध्ये मिडच कापतं, म्हणजे तुम्ही मिड दोनदा कापलेत, एकदा नॉबने आणि एकदा बटणाने. आणि सूर कुठला हे कळतं ते मिडमधूनच.

उघडी ई तार 41 हर्ट्झवर वाजते. तुमच्या 10 इंची कॉम्बोतून 41 हर्ट्झ फारसा बाहेर पडतच नाही. आपण ई ऐकतो ते 82, 123, 165 अशा वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या पटीतल्या कंपनांवरून), कान त्यावरून खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. त्यामुळे बेसचा नॉब चढवला की अ‍ॅम्पची ताकद न ऐकू येणाऱ्या भागात खर्च होते. 200 ते 300 च्या आसपास गढूळपणा असतो, तो थोडा कमी करा, आणि 700 ते 1000 हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं वाढवा. एकट्याने ऐकलं तर नाकातून वाजल्यासारखं वाटेल. वाटू दे. बँड सुरू झाला की तो नाकातला आवाजच जागेवर बसतो.

पिकवाली
+१ मिडसाठी. पण पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवून बघा ना आधी! बोटांनी वाजवल्यावर सुरुवातीचा ठोका मऊ येतो, पिकने तो लख्ख येतो, काहीही विकत घ्यावं लागत नाही. आणि ब्रिजच्या (तारा जिथे अडकवतात त्या टोकाच्या) जवळ हात न्या, तिथे तार ताठ असते, आवाज आपोआप घट्ट होतो.

सप्तकपाच
पाच तारी घ्या. लो बी 31 हर्ट्झपर्यंत खाली जाते. चार तारीत ती खोली येणारच नाही.

जुना_बेसिस्ट
@सप्तकपाच त्यांना खोली जास्त झालीये हीच तर तक्रार आहे.

@पिकवाली ताई, पिकचा मुद्दा बरोबर आहे पण सगळ्या गाण्यांना तो ठोका चालत नाही. हात ब्रिजकडे नेण्याचं मात्र शंभर टक्के अनुमोदन. मंद्रवेडा, दोन पिकअप आहेत म्हणता तर दोन्ही सारखे उघडे ठेवता का? जॅझ बेस या मॉडेलच्या धर्तीवरचे सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) असतील तर दोन्ही पूर्ण उघडे असताना मधला काही भाग एकमेकांत कटतो. गळ्याकडचा जरासा कमी करा, ब्रिजकडचा पूर्ण ठेवा, लगेच गुरगुर येते. तोटा एवढाच की दोन्ही सारखे असताना जी भुणभुण दबते ती थोडी परत येईल.

ट्यूबप्रेमी
अजून एक. अ‍ॅम्प पायाशी ठेवून उभं राहिलं तर ऐकू येणारच नाही, बेसची लाट 8 मीटर लांब असते, ती पूर्ण व्हायला तेवढं अंतर लागतं. लांब उभे राहा.

कन्सोलच्या_मागे
@ट्यूबप्रेमी लांबी बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. लाटेला अंतर लागत असतं तर हेडफोनमध्ये बेस ऐकूच आला नसता, तिथे स्पीकर कानापासून बोटभरही लांब नसतो. लांब गेल्यावर वेगळं ऐकू येतं ते भिंतींमुळे. कॅबिनेटचा स्पीकर मागच्या भिंतीपासून 1 मीटरवर असेल तर भिंतीवर आपटून येणारा आवाज साधारण 86 हर्ट्झला उलटा येऊन मिळतो आणि तिथे खड्डा पडतो. 86 म्हणजे जवळजवळ डी तारेवरच्या तिसऱ्या पडद्यावरचा एफ. एकच सूर गायब आणि शेजारचे ठणठणीत, असं होतं ते बरेचदा यामुळे. अ‍ॅम्प भिंतीला लावून ठेवा, तो खड्डा एवढा वर सरकतो की त्रास देत नाही. मात्र भिंतीजवळ खालचे सूर फुगतात, तेव्हा बेसचा नॉब अजून उतरवावा लागेल.

ट्यूबप्रेमी
मी इतकी वर्षं स्टेजवर लांब उभा राहूनच ऐकतोय, मला फरक कळतो.

कन्सोलच्या_मागे
फरक कळतो यात वाद नाहीच, कारण वेगळं आहे एवढंच म्हणतोय. पायाशी ठेवलेल्या कॉम्बोचं खरं दुखणं म्हणजे मिड आणि ट्रेबल स्पीकरच्या नाकासमोर सरळ जातात आणि ते तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतात. खालचा आवाज चहूकडे पसरतो, तो तेवढा कानापर्यंत पोचतो. म्हणून तुम्ही ट्रेबल चढवता, आणि समोर पहिल्या रांगेतल्या माणसाला तारांचा कडकडाट ऐकू येतो. कॉम्बो मागे कलता ठेवा किंवा खुर्चीवर ठेवा, तोंड तुमच्या कानाकडे. पोकळ लाकडी स्टेज असेल तर उचलून ठेवण्याचा आणखी एक फायदा, फळ्या अ‍ॅम्पबरोबर गुणगुणायच्या थांबतात.

डीआयला प्री (ईक्यूच्या आधी) आणि पोस्ट (ईक्यूच्या नंतर) असं बटण आहे का बघा. पोस्टवर असेल तर तुमचा तो चढवलेला बेस आणि शेप सगळं जसंच्या तसं मोठ्या पीएमध्ये जातं, आणि पीएच्या सबला (खालच्या सुरांच्या स्पीकरला) 41 हर्ट्झ व्यवस्थित वाजवता येतो. मित्राने ऐकलेला गडगडाट तो हाच. प्रीवर टाका, म्हणजे तुम्ही स्टेजवर काहीही फिरवा, समोरचं बिघडत नाही. साउंडवाल्याला 35 ते 40 च्या खाली हाय पास (खालचं कापणारा फिल्टर) लावायला सांगा, किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) जागा मिळते.

काळी_पाच
मी कीबोर्ड वाजवतो, म्हणून बोलतो. तुमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने काय करतो? आम्ही लोक सवयीने डाव्या हाताने खर्ज धरून ठेवतो. पियानोचा खालचा सी 65 हर्ट्झचा, म्हणजे थेट तुमच्या ए तारेवर. दोघे एकाच जागी बसलात तर कुठलाही ईक्यू कामाला येणार नाही. मी बेसिस्ट असला की डावा हात एक सप्तक वर नेतो किंवा चक्क उचलतो.

मंद्रवेडा
@काळी_पाच हो, आमचा दोन्ही हातांनी भरपूर वाजवतो, पॅडही (लांबणारे मऊ सूर) खालपर्यंत धरून ठेवतो. हे लक्षातच नव्हतं घेतलं कोणी. पण त्याला सांगायचं कसं, तो बँडमध्ये सगळ्यात मोठा आहे, आम्ही त्याला दादा म्हणतो.

काळी_पाच
सरळ सांगा. "दादा, कडव्यात डावा हात सोडून बघू या का" म्हणा, आणि वाजवून दाखवा. फरक त्याला स्वतःलाच ऐकू येईल. गिटारवाल्यांनाही 100 च्या खालचं कापायला सांगा, त्यांची सगळ्यात खालची तार 82 ची असते, पण बँडमध्ये त्यांचा तो भाग कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

सहा_तारा
आमच्यावर का घसरलात, आम्ही कापलं तर आमचा आवाज पत्र्यासारखा होतो.

काळी_पाच
एकटे वाजवताना होतो. बँडमध्ये खाली बेस असतो ना.

पिकवाली
तारा कुठल्या आहेत हेही विचारा कोणीतरी. राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) जुन्या झाल्या की मेल्यासारख्या वाजतात.

जुना_बेसिस्ट
आणि फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या) जुन्या झाल्या की चांगल्या वाजतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंडच वापरायचा, तुटेपर्यंत बदलायचा नाही, आणि एका बोटाने वाजवायचा. मोटाउनच्या त्या सगळ्या रेकॉर्डमध्ये बेसचा एकेक सूर वेगळा काढून ऐकता येतो. नव्या चकचकीत तारांशिवाय बेस ऐकूच येत नाही असं जे समजतात त्यांनी ते ऐकावं. चकाकी नसली तरी मिड भरपूर आहे त्यात.

पिकवाली
स्टुडिओ वेगळा, स्टेज वेगळं. फ्लॅटवाउंड घेऊन दोन गिटारवाल्यांच्या मधे उभे राहून दाखवा.

जुना_बेसिस्ट
राहतो की. नेहमी राहतो.

मंद्रवेडा
तारांचं नंतर भांडा, काल तालमीत हे सगळं करून बघितलं ते सांगतो. शेप सोडलं, बेस मधोमध, मिड चढवला, कॉम्बो खुर्चीवर भिंतीला लावून, डीआय प्रीवर, गळ्याकडचा पिकअप थोडा कमी. एकट्याने वाजवलं तेव्हा आवाज अजिबात आवडला नाही, बंद करणारच होतो. मग सगळे सुरू झाले आणि पहिल्यांदा मला प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू आला, तेही पहिल्यापेक्षा हळू वाजवून! ड्रमवाला म्हणाला आता किकबरोबर बसतोय. दादाने एका गाण्यात डावा हात सोडला, बाकीच्यांत बघू म्हणाला.

पण आता नवीनच झालंय. जोरात छेडलं की सूर सुरुवातीला फाटतो, फट्ट असा, हळू वाजवलं तर नाही. तालमीच्या शेवटी शेवटी जास्त. मिड चढवल्यामुळे का? कॉम्प्रेसर घ्यावाच लागणार बहुतेक.

जुना_बेसिस्ट
अ‍ॅम्पवर क्लिपचा (सिग्नल जास्त होऊन कापला जातोय हे सांगणारा) लाल दिवा लागतो का तेव्हा?

मंद्रवेडा
नाही. गेन (अ‍ॅम्पमध्ये शिरणारा सिग्नल वाढवणारा नॉब) कमी करूनही तेच.

जुना_बेसिस्ट
मग बॅटरी. अ‍ॅक्टिव्ह बेसमधला प्रीअ‍ॅम्प 9 व्होल्टवर चालतो, बॅटरी उतरली की मोठ्या सुरांचं डोकं कापलं जातं, छोटे सूर ठीक वाजतात. हळू वाजवल्यावर होत नाही म्हणता ते त्यामुळेच. शेवटची कधी बदलली? आणि वाजवून झाल्यावर केबल बेसमध्येच राहते का? त्या जॅकमध्ये केबल घातली की बॅटरी चालू होते, वेगळं बटण नसतं. रात्रभर केबल राहिली की रात्रभर बॅटरी जळते.

मंद्रवेडा
केबल कायम लावलेलीच असते, काढायची असते हे कुठे लिहिलेलं नाही. बॅटरी बेस घेतल्यापासून तीच आहे.

कन्सोलच्या_मागे
नवी घाला आणि एक बॅगेत ठेवा. बेसवर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच असेल तर कार्यक्रमात ऐनवेळी पॅसिव्हवर टाकून गाणं पूर्ण करता येतं, तो कुठे आहे ते आजच चाचपून ठेवा. आणि साउंडचेकला गेन लावताना तुमचा सगळ्यात जोरकस तुकडा वाजवा, लोक तिथे हळूच दोन सूर वाजवतात आणि कार्यक्रमात तुटून पडतात, मग मला धावत खाली आणावं लागतं.

मंद्रवेडा
नवी घातली, फट्ट गेलं. स्विच सापडला, छोटा काळा आहे, नॉबच्या मागे. दादाला बाकीच्या गाण्यांचं आज विचारतो. @पिकवाली हात ब्रिजकडे नेला की अंगठा कुठे टेकवायचा? पिकअपवरून घसरतोय.

पिकवाली
ब्रिजकडच्या पिकअपवरच टेकवा, पण ई तार वाजवत नसाल तेव्हा अंगठा ई वर सरकवा, म्हणजे ती मोकळी गुणगुणत राहत नाही. स्टेजवर निम्मं घुमणं त्या न वाजवलेल्या तारेचंच असतं.