क्विझ म्हणतंय जिल स्टाइन 81%... पेनसिल्व्हेनियात पहिलंच मत आहे, काय करू?

एक्स्टनकरीण
12 ऑक्टोबर 2024, रात्री 10.40

मंडळी, दसऱ्याच्या शुभेच्छा. राजकारणाचा धागा काढतेय पण प्लीज हाणामारी नको, खरंच अडलंय म्हणून विचारतेय.

मार्चमध्ये सिटिझन झाले. सतरा वर्षं काढली इथे, एच वन, मग ग्रीन कार्डची ती मारुतीच्या शेपटासारखी रांग, आणि आता आयुष्यातलं इथलं पहिलं मत. नवऱ्याने अजून सिटिझनशिप घेतलेली नाही, त्याचा जीव गावच्या सातबाऱ्यात अडकलाय (ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर, शेतजमीन विकत घेता येत नाही ना), त्यामुळे घरात मत एकच आणि सल्ले देणारे तिघं.

तर ऑफिसातल्या एकीने लिंक पाठवली. प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी कुठला उमेदवार आपल्याशी किती टक्के जुळतो ते येतं. म्हटलं पत्रिका जुळवतात तसलंच काहीतरी, बघू तरी. ओटा तसाच टाकून बसले, अर्धा तास गेला. निकाल: जिल स्टाइन 81, कमला हॅरिस 77, लिबर्टेरियनचे चेस ऑलिव्हर 58, ट्रम्प 41. लेक मागून बघत होती, ती ओरडली, आई तू ग्रीन पार्टीवाली निघालीस!! मी तर या बाईंचं एक भाषण ऐकलेलं नाही.

खरं सांगायचं तर निम्म्या प्रश्नांना मी अंदाजपंचे उत्तरं दिली. फ्रॅकिंगवर बंदी हवी का? मी 'हो' दाबलं कारण शब्दच कसातरी वाटतो. सिटिझनशिपच्या मुलाखतीत कसं, शंभर प्रश्नांची यादी आधीच हातात, दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास, माझे पहिले सहाच्या सहा आले आणि ऑफिसरने तिथेच थांबवलं. इथे बरोबर उत्तरच नाही आणि तरी मार्क मिळतायत.

तुम्ही वापरता का हे? किती विश्वास ठेवायचा? पोस्टाने मत मागवलंय, पाकीट येईलच.

मावळतीचा_पिट्सबर्गकर
12 ऑक्टोबर, रात्री 11.25

ताई, अभिनंदन पहिल्या मताबद्दल. फ्रॅकिंगवरूनच (दाबाने पाणी सोडून जमिनीखालचा खडक फोडायचा आणि गॅस काढायचा) सुरू करतो कारण तेच माझ्या दारात आहे. मी राहतो तिथून पाऊण तास दक्षिणेला गेलं की शेतांमधून गॅसच्या विहिरी दिसतात. पेनसिल्व्हेनिया हे टेक्सासच्या खालोखाल नंबर दोनचं नैसर्गिक वायू काढणारं राज्य आहे, लोकांना जमिनीखालच्या गॅसची रॉयल्टी येते, कुणी त्यावर पोरांची कॉलेजं केली तर कुणी विहिरीचं पाणी खराब झालं म्हणून कोर्टात भांडतंय. हे सगळं त्या एका 'हो / नाही'त बसवायचं. माझं स्वतःचं मत विचाराल तर बंदी नको पण नियम कडक हवेत, हे दाबायला बटण कुठेय?

दुसरं म्हणजे उमेदवाराचं कुठल्या साली दिलेलं उत्तर धरायचं. 2019 मध्ये हॅरिस म्हणाल्या होत्या की फ्रॅकिंग बंद करायला माझा पाठिंबा आहे. आता सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या डिबेटमध्ये म्हणाल्या बंदी आणणार नाही. क्विझ बनवणाऱ्याने जुनं धरलं तर तुमचे टक्के वेगळे, नवं धरलं तर वेगळे.

आणि तिसरं, जे तुम्हाला पेनसिल्व्हेनियात राहून माहीत असायलाच हवं. 2016 ला ट्रम्प आपल्या राज्यात साधारण 44 हजार मतांनी जिंकले. त्याच निवडणुकीत याच जिल स्टाइनबाईंना इथे जवळपास 50 हजार मतं पडली होती. मी असं म्हणत नाहीये की ती सगळी क्लिंटनबाईंची होती, बरेच जण घरीच बसले असते. पण आकडा लक्षात ठेवा. 2020 ला बायडन जिंकले ते 80 हजारांच्या आसपास. इथल्या 19 इलेक्टोरल मतांसाठी (राज्यात जो पहिला येतो त्याला ती सगळी मिळतात) दोन्ही पक्ष टीव्हीवर जाहिरातींचा रतीब घालतायत ते काय उगाच नाही. न्यू जर्सीत, जिथे निकाल ठरल्यासारखाच असतो, तिथे असतात तर म्हटलं असतं द्या बिनधास्त 81 टक्केवाल्यांना.

खडीसाखर
13 ऑक्टोबर, सकाळी 7.02

36 पैकी 32 गुण जुळलेल्यांचे घटस्फोट पाहिलेत मी. चालू द्या.

बेरीज_वजाबाकी
13 ऑक्टोबर, सकाळी 9.15

मी डेटातला माणूस, त्यामुळे थोडं पोट फाडून दाखवतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

समजा चारच प्रश्न आहेत, टॅक्स, बंदुका, स्टुडंट लोन आणि गर्भपात. उमेदवार क तुमच्याशी पहिल्या तिन्हींवर सहमत, गर्भपातावर विरुद्ध. उमेदवार ख उलटा, फक्त गर्भपातावर तुमच्याबरोबर. साधा हिशोब केला तर क ला 75 टक्के, ख ला 25. आता गर्भपातासमोर ती जी 'हे तुम्हाला किती महत्त्वाचं' अशी पट्टी असते ती सरकवून पाचपट करा. एकूण वजन झालं आठ. क ला आठपैकी तीन म्हणजे 37.5 आणि ख ला आठपैकी पाच, 62.5. तुमचं एकही मत बदललं नाही, नुसतं बोट सरकवलं आणि निकाल उलटला.

म्हणून माझा प्रश्न, ती पट्टी हलवली होती का? बहुतेक लोक हलवत नाहीत, मग अफगाणिस्तानपासून अंतराळापर्यंत सगळं सारख्याच वजनाचं होऊन बसतं. आणि जे माहीत नाही ते सरळ गाळायचं, अंदाजपंचे दाबलेली दहा उत्तरं पण निकालात तेवढीच जोरात बोलतात.

लहान पक्षांचे लोक वर का येतात याबद्दल माझं एक मत आहे (फक्त मत). त्यांना निवडून यायचं टेन्शन नसतं, त्यामुळे प्रत्येक प्रश्नावर रोखठोक हो किंवा नाही सांगतात. मोठ्या पक्षाचा माणूस मिशिगनमध्येही मतं मागतो आणि जॉर्जियातही, तो गुळमुळीत बोलणार. गुळमुळीत उत्तराला फुल मार्क मिळत नाहीत.

बाय द वे माझ्या बायकोने जुलैमध्ये असलंच क्विझ केलं होतं, पहिला नंबर रॉबर्ट केनेडी ज्युनियर, तेव्हाचे अपक्ष उमेदवार. 23 ऑगस्टला गडी ट्रम्पना पाठिंबा देऊन मोकळा. अजून चिडवतो तिला.

श्टुटगार्टची_सून
13 ऑक्टोबर, दुपारी 4.30 (आमच्याकडे रात्र)

इकडे जर्मनीत हा सरकारी कारभार आहे, म्हणून लिहिते. त्याचं नाव वाल-ओ-माट, 2002 पासून आहे आणि नागरिक शिक्षणाचं जे सरकारी ऑफिस आहे ते चालवतं. 38 विधानं असतात. सहमत, असहमत, तटस्थ किंवा पुढे जा, एवढंच. 2021 चं पहिलंच विधान होतं की सगळ्या ऑटोबानवर वेगमर्यादा हवी, आता जर्मन माणसाला याहून नाजूक जागी कुठे टोचणार!

मला त्यातल्या दोन गोष्टी आवडतात. एक, विधानं निवडताना तरुण मतदारांना बसवतात, तज्ज्ञ मदतीला असतात. आणि दुसरी मोठी, पक्ष स्वतः उत्तरं देतात आणि कारणही लिहून देतात. तुमच्याकडे कुणीतरी भाषणं वाचून ठरवणार की अमुक उमेदवाराचं मत असं असं आहे, इथे पक्षानेच लिहिलंय, मग नंतर पळता येत नाही. महत्त्वाच्या विधानाला दुप्पट वजन देता येतं, पाचपट वगैरे नाही.

पण वाद इथेही झाले. 2019 च्या युरोपियन निवडणुकीच्या वेळी एकदम आठच पक्षांशी तुलना करता यायची. फोल्ट नावाचा छोटा पक्ष कोर्टात गेला की यात लहानांवर अन्याय होतो, कोलोनच्या कोर्टाने मान्य केलं आणि मतदानाला आठवडा उरलेला असताना साइट बंद! मग समझोता होऊन परत सुरू झाली. म्हणजे प्रश्न सोडा, निकाल पडद्यावर कसा दाखवायचा यावरही कोर्टबाजी.

मला स्वतःला मत नाही (पासपोर्ट भारताचाच ठेवलाय), पण सासूबाई दर वेळी करतात, तेही प्रिंट काढून, चष्मा लावून. निकालाकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणतात मला कुणाला द्यायचंय ते ठरलेलं आहे, मला फक्त बघायचंय की माझा पक्ष कुठे माझ्याविरुद्ध आहे. आणि मग जेवणाच्या टेबलावर त्या तीन-चार मुद्द्यांवर सासऱ्यांचं डोकं खातात.

जुना_दादरकर
13 ऑक्टोबर, संध्याकाळी 6.48

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

एक्स्टनकरीण, तुम्ही ग्रीन कार्डच्या रांगेचं लिहिलंत म्हणून. मी त्याच रांगेत 12 वर्षं होतो. क्विझमध्ये इमिग्रेशनचे प्रश्न असतात, स्किल्ड व्हिसा वाढवावे का, भिंत बांधावी का. आपल्या लोकांचा खरा काटा म्हणजे ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, तो प्रश्न मला अजून एकाही क्विझमध्ये भेटलेला नाही. आणि भेटला तरी काय? जुलै 2019 मध्ये ती मर्यादा काढायचं बिल हाउसमध्ये (इथली लोकसभा म्हणा) 365 विरुद्ध 65 ने पास झालं, दोन्ही पक्षांनी मिळून केलं. सेनेटने पुढच्या वर्षी डिसेंबरात स्वतःचं वेगळं रूप पास केलं आणि दोघांची सांगड काही बसलीच नाही, मुदत संपली, बिल मेलं. यात राष्ट्राध्यक्ष कुठे आला? ही क्विझं राष्ट्राध्यक्ष म्हणजे छत्रपती असल्यासारखे प्रश्न विचारतात. मनात आलं, फर्मान काढलं.

तुमच्या बॅलटवर यंदा सेनेटही आहे, बॉब केसी विरुद्ध डेव्ह मॅकॉर्मिक. ॲटर्नी जनरल, ऑडिटर जनरल, ट्रेझरर, सगळे आहेत. त्यातल्या किती जणांचं क्विझ केलंत?

(आपल्याकडे महाराष्ट्रात असलं क्विझ काढलं तर मजा येईल. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, तुम्ही विसाव्या प्रश्नावर पोचेपर्यंत उमेदवार दुसरीकडे गेलेला.)

कुलूपकिल्ली
13 ऑक्टोबर, रात्री 8.10

कुणी बोललं नाही म्हणून मी. शेवटी निकाल दाखवायच्या आधी ईमेल, झिप कोड, वय, वंश विचारलं होतं का? तुमची गर्भपात, बंदुका, धर्म यावरची मतं अधिक झिप कोड, स्विंग स्टेटमध्ये, म्हणजे कुठेही झुकू शकणाऱ्या राज्यात, याला सोन्याचा भाव आहे. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी डेटा वापरणाऱ्या कंपनीचं प्रकरण आठवा, फेसबुकवर एक व्यक्तिमत्त्व चाचणी होती, ती घेतली साधारण पावणेतीन लाख लोकांनी आणि मित्रयाद्यांमधून डेटा गेला 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांचा, हा आकडा खुद्द फेसबुकने दिलेला आहे.

फ्रान्समध्ये 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी एलिझ नावाचं ॲप आलं, टिंडरसारखं, प्रस्ताव आवडला तर उजवीकडे ढकला. काही आठवड्यांत दहा लाखांवर डाउनलोड. मग एका प्रोग्रॅमरने भोक शोधून स्वतःचंच नाव उमेदवारांत घालून दाखवलं 😄 बनवणारी पोरं चांगल्या हेतूची होती, तरी.

करायचंच तर इनकॉग्निटोमध्ये करा आणि ईमेल मागितला की खिडकी बंद.

एक्स्टनकरीण
14 ऑक्टोबर, रात्री 9.55

बाप रे, एवढे प्रतिसाद, धन्यवाद सगळ्यांना. कुलूपकिल्ली, ईमेल दिला होता मी 🤦‍♀️ कालपासून चार मेल आलेत पैसे द्या म्हणून.

आज परत केलं. जे माहीत नाही ते गाळलं (22 प्रश्न गाळावे लागले, लाज वाटली), आणि पट्टी फक्त तीन ठिकाणी सरकवली, गर्भपात, शाळांमधल्या बंदुका, इमिग्रेशन. लेकीच्या शाळेत वर्षातून किती वेळा लॉकडाउन ड्रिल (बंदूकवाला शाळेत घुसला तर लपायचा सराव) होतं माहितेय? दिवे बंद करून भिंतीला टेकून बसतात पोरं. तो प्रश्न आणि अंतराळ मोहिमेचा प्रश्न माझ्यासाठी एका वजनाचा कसा असेल. टक्के बदललेच, पहिले दोन आपापसात जागा बदलून बसले. फ्रॅकिंगवर पिट्सबर्गकरांचं वाचून 'हो' काढून टाकलं, पण 'नाही' पण दाबवेना, तोही गाळला.

सासूबाईंची आयडिया सगळ्यात आवडली. मी ज्यांना देणार असं वाटतंय त्यांच्याशी माझे पाच मुद्दे जुळत नाहीत, ते फ्रिजवर लिहून लावलेत. नवरा म्हणतो याचं काय करणार, म्हटलं सेनेटवाल्यांच्या ऑफिसात फोन करणार.

ऑडिटर जनरल नक्की काय करतो ते कुणी सांगेल का?

मावळतीचा_पिट्सबर्गकर
14 ऑक्टोबर, रात्री 10.20

सरकारी पैसा कुठे जातो ते तपासतो, आपल्याकडच्या कॅगसारखं समजा, फक्त इथे तो निवडून येतो.

आणि पोस्टाने देणार असाल तर दोन पाकिटं असतात. मतपत्रिका आधी आतल्या सिक्रसी पाकिटात, ते बंद करून मग बाहेरच्यात, बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलात तर मत बाद. आणि 5 नोव्हेंबरला रात्री आठपर्यंत काउंटीच्या ऑफिसात पोचलं पाहिजे, नुसता त्या तारखेचा पोस्टाचा शिक्का असून चालत नाही.

एक्स्टनकरीण
14 ऑक्टोबर, रात्री 10.31

बरं झालं सांगितलंत. आलंय पाकीट आजच, डायनिंग टेबलवर पडलंय आणि लेकीने त्यावर चहाचा कप ठेवलाय. थांबा आलेच.