मुलांनी चालवलेल्या ‘मनमोकळ्या तासा’त शिक्षकांनी बसावं का?

नववीच्या बाई

मी एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. जूनपासून आमच्या नववीच्या सहा मुलामुलींनी शनिवारी शेवटच्या तासाला ‘मनमोकळा तास’ सुरू केलाय. गोल करून बसायचं, ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, इतरांनी ऐकायचं, न मागता सल्ला द्यायचा नाही. नियम त्यांचेच. दाराशी एक पेटी ठेवलीय, नाव न घालता चिठ्ठी टाकता येते. मी फक्त वर्गाची किल्ली आणते आणि व्हरांड्यात वह्या तपासत बसते.

आता शिक्षकखोलीत यावरून वाद पेटलाय. काही जण म्हणतात, एक शिक्षक आत बसलाच पाहिजे आणि कोण काय बोललं याची नोंदवही हवी. काही म्हणतात, हे बंदच करा, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

माझं मत उलट आहे. एनसीईआरटीने 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे 3 लाख 80 हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली, त्यात 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता वाटते असं सांगितलं. परीक्षा आम्ही घेतो, गुण आम्ही देतो, घरी चिठ्ठी आम्ही पाठवतो. आमच्यासमोर ती त्याच भीतीबद्दल कशी बोलतील? शाळेने खोली द्यावी, वेळापत्रकात तास द्यावा, हाकेच्या अंतरावर एक मोठं माणूस ठेवावं. आत जाऊ नये.

निवृत्त मुख्याध्यापक

बाई, तुमची तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही. चौदा वर्षांच्या पोराने दुसऱ्या चौदा वर्षांच्या पोराचं ओझं का उचलायचं?

मी मुख्याध्यापक असताना घडलेलं सांगतो. एका मुलीने मैत्रिणीला शपथ घालून घरातल्या एका नातेवाइकाबद्दल सांगितलं. मैत्रिणीने चार महिने शपथ पाळली. आम्हाला कळलं ते ही मैत्रीणच डबा खाईना, वर्गात रडायला लागली तेव्हा. एकीचं दुःख होतं, आम्ही गाफील राहिलो म्हणून दोघींचं झालं. ते माझ्या मनातून आजही जात नाही.

शिवाय कायदा आहे. पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना द्यावीच लागते. न दिल्याबद्दल मुलांना शिक्षा नाही, मोठ्यांना आहे. तुम्ही व्हरांड्यात होतात आणि आत असं काही बोललं गेलं, तर तुम्हाला ते कळणार कसं?

पाच शाळांची समुपदेशक

सर, शपथेचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्यावरचा उपाय म्हणून शिक्षक आत बसवणं मला चुकीचं वाटतं.

गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून अधिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. भित्तिपत्रक, मनातलं लिहायची पेटी, मुलांचे गट असं बरंच त्यात होतं. काही शाळांत हे काम त्याच शाळेच्या शिक्षकांकडे दिलं, काही शाळांत खास नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या व्यक्तीकडे. 2018 मध्ये निष्कर्ष आले. बाहेरची व्यक्ती होती तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांकडे काम होतं तिथे तसा फरक दिसला नाही.

याचा दोष मी शिक्षकांना देत नाही. निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हे आणखी एक. आणि जो माणूस सकाळी गणित चुकलं म्हणून रागावतो, त्याच्याजवळ दुपारी मन मोकळं करणं मोठ्यांनाही जमणार नाही.

मात्र बाईंच्या शाळेलाही एक विचारते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. तुमच्याकडे समुपदेशक आहे का? नसेल तर ही सहा मुलं त्या रिकाम्या खुर्चीवर बसलीत. ते मला चालणार नाही.

दहावीच्या मुलाची आई

माझा विरोध आहे, स्पष्ट सांगते. मुलाच्या शाळेत अशीच पेटी होती. आमच्या घरातलं भांडण चिठ्ठीतून वर्गात वाचलं गेलं. नाव नव्हतं, पण गाव लहान, सगळ्यांना कळलं. मुलगा आठवडाभर शाळेत गेला नाही. त्याचं ओझं हलकं झालं म्हणून सांगणारे त्या आठवड्यात कुठे होते?

पुण्यात शिकणारी माजी विद्यार्थिनी

काकू, तुमच्या मुलाबाबत झालं ते वाईटच झालं. तरी माझीही बाजू ऐका.

दहावीत पूर्वपरीक्षेच्या आधी मला रात्र-रात्र झोप नव्हती. घरी ‘अभ्यास कर’ आणि वर्गात ‘बोर्डाचं वर्ष आहे’. माझ्यात काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा ओळखलं शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने. ती मला समजवायला बसली नाही. सरळ शाळेतल्या मावशींकडे गेली, कारण बाथरूममध्ये कोण किती वेळ रडतंय हे मावशींना आधीच ठाऊक होतं. मावशींनी मला चहा दिला आणि वर्गशिक्षिकेला बोलावलं. पुढे डॉक्टर, औषधं, सगळं रीतसर झालं.

प्रशिक्षण म्हटलं की फक्त शिक्षक बोलावतात. मावशींना आणि शिपाई मामांनाही बोलवा हो! मुलं त्यांना खूप काही सांगतात.

नववीच्या बाई

समुपदेशक ताई, नाही, आमच्याकडे कुणी नेमलेलं नाही. संस्थेकडे अर्ज दिलाय, आता या निर्णयाचा उल्लेख करून पुन्हा देते. तोवर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फळ्याशेजारी लावलाय.

सरांनी सांगितलेली मैत्रिणीची गोष्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. सहाही जणांना सांगणार आहे की या तासात शपथ चालणार नाही. कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, कुणी आपल्याला त्रास देतंय असं सांगितलं, किंवा घर सोडून जायची भाषा केली, की त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. आणि हे तासाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं, म्हणजे बोलणाऱ्यालाही ते आधी माहीत असेल.

आईंचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. चिठ्ठ्या वर्गात वाचणं याच शनिवारपासून बंद. पेटी मी उघडेन.

निवृत्त मुख्याध्यापक

शपथेचा नियम केलात, बरं वाटलं. तरीही समुपदेशक येईपर्यंत तास थांबवावा, यावर मी ठाम आहे. जूनपासून काही झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं नसतं.

नववीच्या बाई

सर, थांबवला तर ती बोलायची थांबणार नाहीत. मैदानामागे बोलतील, तिथे मी नसेन.

दहावीच्या मुलाची आई

पेटी बंद केलीत ते योग्य केलंत. पण पालकांना या तासाबद्दल काहीच सांगत नाहीत, तेही बदला. मला ते शिक्षकांकडून नको, त्या सहा मुलांकडूनच ऐकायचंय. असं बाहेरच्या पालकाला येता येईल का?

नववीच्या बाई

पेटी ठेवलीय, फक्त वाचणं बंद केलंय. आणि नक्की या. येत्या शनिवारी साडेअकराला पालकसभा आहे, त्यात मुलांना दहा मिनिटं मागून घेते.