येन्स नील्सन: चिकाटीचं कौतुक करायचं, की वाट आखणाऱ्यांना जाब विचारायचा?

मोडीवाचक

मॉर्मन, म्हणजे यूटात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती पंथाच्या, वसाहतकारांमध्ये चिकाटीचं उदाहरण द्यायचं झालं की येन्स नील्सन यांचं नाव हमखास निघतं. जन्म १८२०, डेन्मार्कचं लोलॅन्ड बेट, बऱ्यापैकी शेती असलेला माणूस. पंथ स्वीकारल्यावर शेत विकलं आणि १८५६ मध्ये पत्नी एल्सी, पाच-सहा वर्षांचा मुलगा नील्स आणि ओळखीच्या कुटुंबाने सोबत धाडलेली नऊ-दहा वर्षांची बोदिल मोर्टेन्सन यांना घेऊन अमेरिकेला निघाले. बैलगाडी घेण्याची ऐपत होती, पण एका हातगाडीपुरते पैसे ठेवून बाकीचे इतरांच्या प्रवासासाठी देऊन टाकले. त्यांची हातगाडी जेम्स विली यांच्या तुकडीत होती. २३ ऑक्टोबरला रॉकी रिजच्या चढावर येन्स यांचे पाय गारठून निकामी झाले. एल्सीने त्यांना हातगाडीत बसवलं आणि ओढत नेलं. नील्स आणि बोदिल दोघंही रॉक क्रीकच्या मुक्कामी दगावली. तिथे तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं, आणखी दोघांना शेजारी. येन्स पुढे जन्मभर लंगडत चालले.

तेवीस वर्षांनी, साठीला टेकलेले असताना, हाच माणूस आग्नेय यूटात नवी वसाहत करायला निघालेल्या सान हुआन मोहिमेत कोलोरॅडो नदीवरच्या 'होल इन द रॉक'च्या कड्यावरून गाड्या उतरवणाऱ्यांत होता. त्यानंतर ब्लफ गावचा बिशप, म्हणजे तिथल्या मंडळीचा बिनपगारी प्रमुख, १९०६ मध्ये मरेपर्यंत.

माझं म्हणणं असं की दोन्ही मोहिमांची आखणी चुकली होती. किंमत चालणाऱ्यांनी मोजली आणि चिकाटीच्या गोष्टीने आखणारे सुटले. पटत नसेल तर तपशिलासह सांगा, नुसती श्रद्धा-अश्रद्धा नको.

सुतारपक्षी

अर्धं पटलं. हातगाडीची कल्पना चुकीची नव्हती. १८५५ मध्ये टोळ आणि दुष्काळ यांनी यूटातलं पीक खाल्लं, स्थलांतराचा निधी आटला, आणि युरोपात हजारो गरीब माणसं बोलावण्याची वाट पाहत होती. आयोवा सिटीपर्यंत रेल्वे होती. पुढचे साधारण २१०० किलोमीटर पायी काढायचे. पाच माणसांत एक हातगाडी, वीस माणसांना एक गोल तंबू, शंभर माणसांमागे शिध्याची एक बैलगाडी. मोठ्या माणसाला १७ पौंड सामान, म्हणजे पावणेआठ किलो, त्यात अंथरूण-पांघरूण आणि भांडीही आली. त्या वर्षीच्या पहिल्या तीन तुकड्या जूनमध्ये निघाल्या आणि २६ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या दरम्यान सॉल्ट लेकला पोचल्या. १८५६ ते १८६० या काळात एकूण दहा तुकड्या गेल्या, सुमारे तीन हजार माणसं. संहार झाला तो दोनच तुकड्यांत, विली आणि मार्टिन.

गडबड झाली ती गाड्या बनवताना. चाकांचं अंतर बैलगाडीच्या चाकोरीएवढं ठेवलं होतं, ते शहाणपणाचं. पण घाईत ओलं लाकूड वापरलं. ओलं लाकूड मैदानातल्या कोरड्या हवेत आकसतं, आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्यात, सैल होतात, चाक लटपटतं. दुसरं, बऱ्याच गाड्यांचा आख लाकडी आणि तुंब्याचं भोकही लाकडी, मध्ये लोखंडाची बुशी नाही. वाळू आत शिरली की ती कानशीसारखं काम करते. वंगण नव्हतं म्हणून लोकांनी डुकराची चरबी आणि साबण चोळला. त्याला वाळू आणखी चिकटली. मग आखाला जुन्या बुटांचं चामडं आणि जेवणाच्या थाळ्यांचा पत्रा गुंडाळायची वेळ आली. लोखंडी आख आणि वाळलेलं लाकूड एवढं असतं तर निम्मा खोळंबा टळला असता. म्हणजे दोष सुतारकामाच्या घाईचा, कल्पनेचा नव्हे.

खडकाळ

सुतारपक्षी, आख सोन्याचा असता तरी विली तुकडी वादळात सापडलीच असती. तारखा बघा. हे लोक ४ मे रोजी लिव्हरपूलहून निघाले. तिथेच उशीर झालेला. आयोवा सिटीला पोचले तर गाड्या तयार नाहीत. तिथून निघाले १५ जुलैला. नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा दुरुस्ती. १३ ऑगस्टच्या सभेत लेव्हाय सॅव्हेज यांनी उघड सांगितलं की म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन या दिवसांत पुढे जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. वाट पूर्वी तुडवलेल्या मोजक्या पुढाऱ्यांत ते होते. हिवाळा फ्लॉरेन्सलाच काढता आला असता. बहुमत पुढे जाण्याकडे गेलं, आणि सॅव्हेजही त्यांच्यासोबत गेले.

आता पिठाचा हिशेब. फ्लॉरेन्सहून निघताना प्रत्येक हातगाडीवर ९८ पौंडांचं एक जादा पोतं चढवलं, म्हणजे साडेचव्वेचाळीस किलो. अगोदरच सैल झालेल्या चाकांवर. सप्टेंबरच्या सुरुवातीला रानम्हशींच्या धामधुमीत तिसेक बैल पळाले ते सापडलेच नाहीत. मग दुभत्या गाईंना जू लावलं आणि बैलगाड्यांवरचं पीठ पुन्हा हातगाड्यांवर आलं. वाटेवरच्या फोर्ट लॅरमीला नवा शिधा मिळेल ही आशाही फोल ठरली. १५ ऑक्टोबरला शिधा आणखी कापला: पुरुषाला साडेदहा औंस पीठ, बायका आणि मोठी मुलं नऊ, लहान मुलं सहा, तान्ही तीन. साडेदहा औंस म्हणजे तीनशे ग्रॅमही नाही, जेमतेम हजार-अकराशे कॅलरी. गाडी ओढणाऱ्याला थंडीत त्याच्या तिप्पट-चौपट लागतात. १९ ऑक्टोबरला बर्फ पडायला लागलं आणि त्याच दिवशी पीठ संपलं.

हे सगळं ऑगस्टमध्येच कागदावर मांडता येण्यासारखं होतं.

बखरीतला_बाण

पण मांडणारे कोण? मोडीवाचक 'आखणारे' म्हणतात तेव्हा एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. चर्चचे प्रमुख ब्रिगॅम यंग सॉल्ट लेकमध्ये होते आणि या दोन तुकड्या अजून वाटेत आहेत हे त्यांना ४ ऑक्टोबरला कळलं. ५ तारखेला सभेत मदतीची हाक दिली, ७ तारखेला पिठा-कपड्यांच्या सोळा गाड्या रवाना. तारायंत्र नसलेल्या प्रदेशात याहून वेगाने कोण हलणार? चूक लिव्हरपूल, आयोवा आणि फ्लॉरेन्सच्या दलालांची. प्रत्येकाने एकेक आठवडा खाल्ला.

आणि सक्ती कुणावरच नव्हती. फ्लॉरेन्सला शंभरेक माणसं मागे राहिली. येन्सही राहू शकत होते. चालत राहिले तो त्यांचा निर्णय. तो त्यांच्याकडून काढून घेऊन त्यांना बिचारा ठरवू नका.

खडकाळ

तुकडीत शंभराच्या आसपास डॅनिश आणि इतर स्कँडिनेव्हियन होते. सभा इंग्रजीत. पुढारी म्हणतात देव वादळ अडवेल. अशा वेळी 'स्वतःचा निर्णय' कितपत स्वतःचा उरतो?

त्याच डॅनिश गटाचे प्रमुख योहान आहमानसन यांचं बघा. तीच वाट, तीच थंडी. ते पुढच्याच वर्षी पंथ सोडून नेब्रास्काला परतले आणि सामानाच्या नुकसानीबद्दल थेट ब्रिगॅम यंग यांच्यावर दावा लावला. चिकाटीच्या यादीत त्यांचं नाव कधी दिसतं का? मला तर दावा लावायलाही तेवढीच चिकाटी लागते असं वाटतं.

अनामिका_७

रॉकी रिजवर गाडी ओढली कुणी? एल्सीने. घराण्यात सांगतात की येन्स सव्वासहा फुटांच्या जवळ आणि एल्सी पाच फुटांहूनही कमी. आकडे थोडे इकडेतिकडे असतील. पण आपला मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी दोघंही गारठत चाललेली, नवरा चालू शकत नाही, आणि दांड्यात उभी ती. तरी गोष्ट येन्स यांच्या नावावर.

पुढे येन्स यांनी कर्स्टन आणि कॅटरीन या आणखी दोघींशी लग्न केलं. पॅरोवान, पॅन्ग्विच, सीडर सिटी असं एकेक बसवलेलं घर सोडत हे कुटुंब सान हुआनपर्यंत गेलं. वसाहतीची हाक पुरुषाच्या नावे यायची. चूल, कोंबड्या, बियाणं, आजारी पोरं गाडीत घालायचं काम बायकांचं. या धाग्यात पिठाचे औंस मोजले जातायत ते बरंच आहे, पण त्या औंसांची भाकरी ओल्या शेणगोवऱ्यांवर, तेही रानम्हशीच्या शेणाच्या, कोण भाजत होतं तेही मोजा.

बखरीतला_बाण

मान्य, एल्सीबद्दल वाद नाही. पण बहुपत्नीत्वाचा मुद्दा इथे आणलात तर त्याची दुसरी बाजूही घ्या. बहुपत्नीत्वाविरुद्धच्या १८८२ च्या एडमंड्स कायद्यानंतर अशा कुटुंबांमागे सरकारचे मार्शल लागले. ब्लफसारखं आडबाजूचं गाव त्यांना सोयीचं पडलं. १८९० मध्ये चर्चनेच नवी बहुपत्नी लग्नं थांबवली.

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. सान हुआन मोहीम तर यशस्वी झाली. साधारण २५० माणसं, ८३ गाड्या, हजारावर जनावरं, आणि एकही माणूस दगावला नाही. उलट वाटेत बाळंतपणं झाली. तीही चुकीची आखणी?

मोडीवाचक

हो, तीही. सहा आठवड्यांचा अंदाज होता, सहा महिने लागले. १८७९ च्या उन्हाळ्यापर्यंत दोन वाटा माहीत होत्या: दक्षिणेची लीज फेरीवरून, पाणी कमी आणि नाव्हाहो या मूळ रहिवाशांच्या चराईतून जाणारी; उत्तरेची ग्रीन रिव्हर आणि मोआबवरून, लांबलचक पण चाकं चालतील अशी. त्या टाळून मधली 'जवळची' वाट निवडली ती जेमतेम पाहणीवर. एस्कलान्टी गावापासून कोलोरॅडो नदीपर्यंत गेल्यावर समोर कडा आणि कड्यात एक फट. वरच्या तोंडाशी चाळीसेक फूट सरळ उतरंड, ठिकठिकाणी माणूसही आडवा होऊन जाईल इतकी अरुंद. पाहणी करून आलेल्यांतही रस्ता होईल की नाही यावर एकमत नव्हतं. डिसेंबरच्या बैठकीत येन्स यांनीच पुढे जायचा आग्रह धरला.

सुतारपक्षी

बैठक झाली तेव्हा मागच्या एस्कलान्टी डोंगरात बर्फ साचलं होतं. परतीची वाट बंद. त्या दिवशी 'आखणी चुकली' म्हणून कुठे जाणार होते? त्यात वसंतातल्या पाहणीवेळी मॉन्टेझुमा क्रीकला, म्हणजे जिथे पोचायचं होतं तिथे, मागे ठेवलेली दोन कुटुंबं अन्नाविना बसली होती. डिसेंबरअखेर चौघे स्वार तिथे पोचले तेव्हा त्यांच्याकडे बियाण्याचा गहू तेवढा उरला होता. इथे आग्रह धरणारा माणूस हवाच होता.

आणि काम बघा हो. वरचं तोंड सुरुंगाने रुंद केलं. वेल्सच्या कोळसा खाणीत वाढलेले पर्किन्स बंधू सुरुंगाचे जाणकार. खालच्या भागात कडा इतका सरळ की रस्ता कोरता येईना. मग बेन पर्किन्स यांनी आतल्या चाकासाठी खडकात खाच काढली, आणि तिच्या खाली दीड-दीड फुटावर साधारण दहा इंच खोल भोकं पाडून ओकच्या मेखा ठोकल्या. मेखांवर लाकडं, झुडपं, दगड, माती. बाहेरचं चाक त्या लटकत्या कठड्यावरून जायचं. पन्नासेक फुटांचा हा तुकडा. मागच्या चाकांना साखळदंड बांधून ती जाम करायची, म्हणजे ती फिरत नाहीत, घसटत येतात. मागून दोरांना दहा-वीस माणसं लोंबकळणार. २६ जानेवारी १८८० ला गाड्या उतरल्या आणि त्याच दिवशी २६ गाड्या तराफ्यावरून नदीपार. महिना-दीड महिन्यात, छिन्नी, पहार आणि सुरुंगाच्या मोजक्या दारूवर हे केलं.

पाटकरी

कड्यावरून उतरण्याचं कौतुक सगळे करतात. खरी परीक्षा ब्लफला. ६ एप्रिल १८८० ला माणसं तिथे थांबली ती जागा चांगली म्हणून नव्हे, जनावरं आणि माणसं थकली म्हणून. ठरलेलं ठिकाण मॉन्टेझुमा क्रीक, अजून पंचवीसेक किलोमीटर पुढे.

सान हुआन नदीतून पाट काढायचा म्हणजे काय ते समजून घ्या. काठ वाळूचा, नदी गाळाने लाल. पाटाचा उतार कमी ठेवला तर गाळ बसून पाट महिन्यात भरतो. उतार वाढवला तर वाळूचे काठ खचतात. तोंडाशी झुडपं-दगडांचा बांध घातला तर पहिल्या पुरात जातो, आणि पात्रच सरकलं तर पाटाचं तोंड कोरडं पडतं. दर वर्षी पेरणीच्या ऐन दिवसांत अख्खं गाव पाट उपसत बसायचं. १८८४ च्या पुराने केलेलं सगळं धुऊन नेलं. निम्म्याहून अधिक कुटुंबं हळूहळू निघून गेली. १८८५ मध्ये फ्रान्सिस हॅमंड त्या भागातल्या चर्चचे प्रमुख म्हणून आले आणि म्हणाले, नदीचा नाद सोडा, गुरं पाळा. मग चराईची भागीदारी झाली, पैसा आला, ब्लफला दगडी घरं उठली.

म्हणजे येन्स यांची चिकाटी पाच वर्षं चुकीच्या जागी खर्च झाली. गाव तगलं ते योजना बदलल्यामुळे.

खडकाळ

आणि गुरं चरली कुणाच्या गवतावर? यूट आणि पायूट या मूळ जमातींच्या. मोहिमेचा हेतूच होता नाव्हाहो आणि यूट यांच्यात शांततेचं ठाणं बसवणं आणि बाहेरच्या गुरेवाल्यांच्या आधी जमीन धरणं. १८८२ मध्ये काढलेल्या सहकारी दुकानामुळे नाव्हाहोंशी देवाणघेवाण बरी चालली, हे खरं. पण कळप वाढले तशी शिकार आणि झरे आटले, आणि १९२३ मध्ये पायूट पुढारी पोझीच्या लोकांना जवळच्या ब्लॅन्डिंग गावात तारेच्या कुंपणात डांबण्यापर्यंत प्रकरण गेलं. 'ओसाड प्रदेश' म्हणून तो काही ओसाड नव्हता.

बखरीतला_बाण

१९२३ चं खापर १९०६ मध्ये वारलेल्या म्हाताऱ्यावर नको. त्याच्या हयातीत ब्लफने आसपासच्या कित्येक गुरेवाल्यांपेक्षा कमी गोळ्या झाडल्या. पाटकरींच्या मुद्द्यावर एवढंच, की गुरांकडे वळायलाही आधी पाच वर्षं कुणी तरी तिथे टिकून राहावं लागलं. सगळे निघून गेले असते तर हॅमंड कुणाला सांगणार होते?

पाटकरी

जी माणसं १८८४ नंतर कोलोरॅडोतल्या मॅन्कोसला किंवा परत पश्चिमेला गेली त्यांची पिकं दुसऱ्या वर्षी उभी होती. टिकून राहणाऱ्यांची नव्हती.

मोडीवाचक

सुतारपक्षींच्या मेखांना मनापासून दाद. पण एक लक्षात घ्या: एवढा जीव तोडून केलेला तो रस्ता जेमतेम वर्षभर वापरला गेला. तराफा चालवणाऱ्या चार्ल्स हॉल यांनीच १८८१ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला सोपा उतार पाहिला आणि तराफा तिकडे हलवला. नीट पाहणी आधी केली असती तर हाच उतार १८७९ मध्ये सापडला नसता का?

सुतारपक्षी

वर्षभर नदीवर राहिलेल्या माणसाला सापडला. घोड्यावरून आठवडाभर फिरून आलेल्यांना नाही. त्या खोऱ्यात पाहणी म्हणजे प्रत्येक घळीत पाणी संपेपर्यंत उतरायचं आणि परत चढायचं. ती करायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात मॉन्टेझुमाची दोन्ही कुटुंबं बियाणंसुद्धा खाऊन मोकळी झाली असती.