परिषद सल्ला देते, नेमणूक केंद्राची

‘विदर्भातला ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारा तज्ज्ञ) सल्लागार परिषदेवर निवडून आला की श्रवणयंत्रांची बोगस दुकानं बंद होतील,’ असं काहींचं म्हणणं आहे; ते पटलं नाही. मत द्याच, पण ती परिषद नुसता सल्ला देते; ऑडिओलॉजिस्टची नोंदणी वेगळ्या, भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे आणि तिथे व्यवसायातले प्रतिनिधी केंद्र सरकार नेमतं, आपण निवडत नाही. विनानोंदणी काम करणाऱ्याला १९९२ च्या मूळ कायद्यात वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांना कोण घाबरतं?

नागपुरात धंतोलीत एका दुकानात दार सताड उघडं, कूलरची घरघर, आणि तशात एका आजोबांची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) चाललेली पाहिली. अशा गोंगाटात खालच्या फ्रिक्वेन्सीचं (जाड आवाजांचं) ऐकणं आहे त्यापेक्षा वाईट दिसतं, मग श्रवणयंत्रही गरजेपेक्षा जोरात लावतात. मतं मागायला येतील त्यांना ध्वनिरोधक खोलीच्या सक्तीबद्दल विचारा ना!