शब्दचर्चा: बंगाली ‘अभिमान’ मराठीत कसा आणावा?

ओळजुळणी:
साठच्या दशकातल्या एका कृष्णधवल बंगाली चित्रपटाच्या मराठी सबटायटल्सचं काम चालू आहे. नायिकेचा नवरा फौजेत होता, लढाईत गेला. नंतरच्या एका प्रसंगात ती त्याच्या फोटोसमोर जे बोलते त्याची घडण साधारण अशी: ‘ओर ओपोर आमार खूब ओभिमान.’ पहिल्या खर्ड्यात याचं ‘मला त्याचा फार अभिमान आहे’ असं झालं आणि दोन तपासण्यांतून ते सहीसलामत सुटलं. अर्थ साफ उलटा आहे. बंगालीत अभिमान म्हणजे आपल्या माणसाने दुखावल्यावर त्याच्यावरच धरलेला मुका राग. शहीद जवानाच्या बायकोच्या तोंडी ‘अभिमान आहे’ इतकं शोभून दिसतं की कुणाला शंकाच येत नाही. मराठी शब्द सुचवा. संवाद २ सेकंदांचा आहे.

रोखठोक:
रुसवा. शब्द घरचा आहे, दुसरा शोधायचं कारणच नाही. ‘मी त्याच्यावर रुसलेय.’

काठपदर:
रुसवा लहान मुलाचा, विहिणीचा, नाहीतर नव्या नवरीचा. तो काढायला कुणीतरी समोर असावं लागतं. इथे रुसवा काढणारा उरलेलाच नाही. ‘रुसलेय’ वाचून प्रेक्षकाला लाडिक सूर ऐकू येईल आणि प्रसंग हातचा जाईल. त्यापेक्षा ‘हक्काचा राग’ म्हणा.

ओळजुळणी:
‘त्याच्यावर माझा हक्काचा राग आहे’ हे करून पाहिलं. सेकंदाला १५ चिन्हं धरली तर २ सेकंदांत ३० बसतात. ही ओळ ३१ भरते. डोळ्याला १३ अक्षरं दिसतात, स्पेस धरून १७. पण सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजतं. ‘त्याच्यावर’ या एका शब्दाची त्याच्या लेखी १० चिन्हं होतात. ‘आहे’ काढलं की ओळ २७ वर येते. ‘मी त्याच्यावर रुसलेय’ २० मध्ये बसतं.

रोखठोक:
सबटायटल्स काय, उपशीर्षकं म्हणा. आणि चिन्हांच्या मर्यादेपायी भाषा वाकवायची हे मला मान्य नाही. ओळ अर्धा सेकंद जास्त ठेवा.

ओळजुळणी:
पुढचा संवाद लगेच चिकटून आहे. दोन ओळींमध्ये दोन फ्रेमचीही फट राहिली नाही तर मजकूर बदलल्याचं डोळ्याला कळत नाही, वाचणारा जुनीच ओळ पुन्हा वाचू लागतो. आणि उपशीर्षक म्हणजे लेखातल्या मुख्य मथळ्याखालचा मथळा. तो शब्द आधीच कामाला लागलेला आहे.

धातुपाठ:
मूळ शब्द ‘मान’ कडे बघा, गाठ सुटते. साहित्यशास्त्रात विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातल्या प्रेमाचे, चार प्रकार सांगितलेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. यातला मान म्हणजे प्रिय माणसावरचा रुसवा. मानाचे पुन्हा दोन: प्रेमापोटीचा प्रणयमान आणि मत्सरापोटीचा ईर्ष्यामान. चैतन्यपंथी रूप गोस्वामींच्या ‘उज्ज्वलनीलमणी’ या ग्रंथाने हा मान राधेच्या संदर्भात फार बारकाईने मांडला, आणि बंगालच्या वैष्णव पदावलीत, म्हणजे राधाकृष्णाच्या गीतांत, तो मुरला. माझ्या मते बंगाली अभिमानात हा अर्थ तिथूनच पक्का झाला. मराठीत त्याच शब्दाची ‘अहंता’ ही बाजू टिकली. आपली ‘मानिनी’सुद्धा रुसलेली नायिका राहिली नाही, स्वाभिमानी बाई झाली.

काठपदर:
व्युत्पत्ती उत्तम, पण प्रेक्षकाला २ सेकंदांत विप्रलंभ कसा कळणार? व्याकरणात मात्र एक खूण आहे. बंगाली अभिमान माणसा‘वर’ असतो, मराठी अभिमान माणसा‘चा’ असतो. खर्डा करणाऱ्याने ‘वर’ खटकलं म्हणून ‘चा’ केला असणार. प्रत्यय बदलावासा वाटला तिथेच थांबायला हवं होतं. बंगालीवरून काम करताना ही सवयच लावून घ्यावी: शब्द ओळखीचा आणि प्रत्यय अनोळखी दिसला की कोश उघडायचा.

रोखठोक:
मग ‘अभिमान’ तसाच ठेवा. मामा वरेरकरांच्या अनुवादांतून अख्ख्या पिढीने शरदबाबू (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) वाचले, बंगाली घर मराठी वाचकाला परकं नाही.

ओळजुळणी:
पुस्तकात वाचक मागचं पान उलटू शकतो, पडद्यावर नाही. तसाच ठेवला की उलटाच अर्थ पोचणार, सारी अडचण तीच आहे.

आणखी एक अडलंय. सासू तिच्यापुढे ‘थान’, म्हणजे विधवेची साडी, ठेवते. ‘आलवण’ चालेल?

काठपदर:
अजिबात नाही. आलवण लाल असायचं, केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचं. बंगाली थान पांढरंशुभ्र, बिनकाठाचं. कृष्णधवल चित्रातही पांढरं आणि लाल यांतला फरक दिसतो, लाल कापड गडद येतं. ‘थान’ जसंच्या तसं ठेवलंत तर मराठीत ते गाईम्हशीच्या कासेकडे जातं. ‘पांढरं पातळ’ लिहा, काठ नाहीत हे चित्र दाखवेलच. ‘सिंदूर’चा ‘शेंदूर’ही करू नका, शेंदूर मारुतीला. सिंदूर भांगातला आहे, ‘कुंकू’ म्हटलं की नजर कपाळावर जाते.

धातुपाठ:
शंखाचा चुडा फोडण्याच्या दृश्यात ‘फोडला’ लिहू नका, ‘वाढवला’ लिहा. आपल्याकडे मंगळसूत्र, बांगडी, नारळ सगळं वाढवतातच. बंगालीतही घरातले तांदूळ संपले की ‘चाल बाडंतो’ म्हणतात, म्हणजे वाढते आहेत. दोन्हीकडे एकच धातू आणि एकच भीती.

रोखठोक:
हे पटत नाही. ‘वाढवणे’ अभद्र टाळण्यासाठी आहे. इथे शेजारणी तिचा हात धरून चुडा दगडावर आपटतात. तिथे ‘फोडला’च हवं, बोचलं पाहिजे.

धातुपाठ:
त्या बायका स्वतः काय म्हणतील ते महत्त्वाचं. करणाऱ्याच्या तोंडी सौम्य शब्द असला की जास्त बोचतं.

ओळजुळणी:
या दृश्यात संवादच नाही, त्यामुळे ओळही नाही.

जेवणाच्या प्रसंगात सासू मसुरीच्या डाळीला ‘आमिष’, म्हणजे मांसाहारी, म्हणते. मराठीत आमिष म्हणजे प्रलोभन, म्हणून ते चाललंच नसतं. ‘सामिष’ केलं तर डाळ सामिष कशी, असं विचारतील.

काठपदर:
तिथल्या विधवेला मासे, कांदा, लसूण यांच्याबरोबर मसूरही वर्ज्य, आणि भात उकड्या तांदळाचा चालत नाही. ‘हे तुला चालत नाही’ एवढंच लिहा. आपल्याकडे एवढ्या वाक्याने सगळं कळतं.

रोखठोक:
तिला पेन्शनचं पत्र येतं का? तिथे ‘वीरपत्नी’ वापरता येईल.

ओळजुळणी:
पत्र येतं, इंग्रजीत. खर्ड्यात नावाआधी ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी, विधवेच्या नावाआधीची उपाधी) घातलं होतं, ते काढलं. सरकारी पत्रात ‘श्रीमती’ पुरे.

रोखठोक:
बरं केलंत. २०२३ मध्ये विधवांसाठी तो शब्द सरकारी पातळीवर सुचवला गेला, तेव्हा केवढा वाद झाला होता.

धातुपाठ:
मूळ ओळीसाठी माझा पर्याय: ‘गेलाच कसा मला सोडून?’ चिन्हं मोजा, २० होतात.

काठपदर:
तो आकांत झाला. तिच्या आवाजात आकांत नाही, अबोला आहे. ‘माझा अबोला आहे त्याच्याशी.’

रोखठोक:
मेलेल्या माणसाशी अबोला?

काठपदर:
हो, तेच तर ती धरून बसली आहे.

ओळजुळणी:
‘अबोला’ लावून पाहतो. पण ती त्याच्याच फोटोशी बोलते आहे, तेव्हा ‘त्याच्याशी’ ठेवू की ‘तुझ्याशी’, हे ठरत नाही. आणि पुढच्याच दृश्यात आजी नातवाला ‘आदोर’, म्हणजे लाड, करते, तिथे खर्डा म्हणतो, ‘आजी त्याचा फार आदर करते.’